‘बोआ’ : एका शब्दाचा अर्थ व उपयोग

पदव्युत्तर वर्गातील भाषांतराच्या तासास गेल्या वर्षी एक इंग्रजी उतारा दिला होता. त्यात रंगमंचावर उभ्या असलेल्या एका गायिकेचे वर्णन होते आणि तिच्या वेषात ‘बोआ’ ह्या वस्तूचा उल्लेख होता. बहुतेक विद्यार्थ्यांनी भाषांतर केले ते असे : ‘गळ्याभोवती पिसांचा मफलर गुंडाळून गायिका उभी होती.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ते वाचल्यावर डोळ्यांपुढे येते ती घसा बसलेली आणि थंडीला भ्यालेली बाई. मूळ उताऱ्यात ती दिमाखाने उभी होती. ‘बोआ’ हा शब्द लेखकाने योजला होता तो त्या दिमाखासाठीच.

हा दोष विद्यार्थ्यांचा आहे असे मला वाटत नाही. ‘बोआ म्हणजे पिसांचा स्कार्फ’ ह्या, सर्वत्र प्रचलित असलेल्या व्याख्येशी ते प्रामाणिक राहिले. ‘स्कार्फ’ह्या शब्दावरून त्यांना ‘मफलर’ सुचला आणि ‘मफलर’ह्या शब्दाने आपले नेहमीचे क्रियापद, म्हणजे ‘गुंडाळणे’, आपोआप आणले. तेव्हा परीक्षण करावयाचे ते व्याख्येचे. प्रस्तुत टिपणात दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. ‘बोआ’ ह्या शब्दाचा अर्थ पिसांत नाही आणि वस्त्रातही नाही. ती वस्तू अंगावर ज्या रीतीने असते त्या रीतीत आहे, ही पहिली. आणि ही रीत मराठीत नामाने नव्हे तर क्रियापदाने सांगितली जाते, म्हणून अशा शब्दाची नोंद करताना कोशकाराने क्रियापद वगळले तर अर्थच वगळल्यासारखे होते, ही दुसरी.

१

‘बोआ’ हा शब्द मुळात लॅटिनमधील सापाचे नाव आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) ह्याने आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या आठव्या ग्रंथात इटलीतील ‘बोआ’ नावाच्या मोठ्या सापांचा उल्लेख केला आहे. क्लॉडियस बादशहाच्या कारकीर्दीत व्हॅटिकन टेकडीवर असा एक साप मारला गेला आणि त्याच्या पोटात सबंध मूल सापडले, असे तो सांगतो. हे साप गाईच्या दुधावर पोसतात म्हणून त्यांना हे नाव पडले, अशी व्युत्पत्तीही तो देतो. लॅटिनमध्ये गाईबैलांना ‘बोस’ म्हणतात. त्याच्याशी ‘बोआ’चा संबंध जोडला गेला आहे. आजचे व्युत्पत्तिशास्त्र ही उपपत्ती निश्चित मानत नाही. ही लोकव्युत्पत्तीही असू शकेल.

महाराष्ट्रातील वाचकाला मात्र प्लिनीचे हे म्हणणे अपरिचित वाटणार नाही. धामण गाईम्हशींच्या मागच्या पायांना विळखा घालून आचळांतून दूध पिते, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत आजही ऐकावयास मिळते. सापाच्या तोंडाची रचना चोखण्यास मुळीच अनुकूल नसते आणि त्याचे आत वळलेले तीक्ष्ण दात गाय क्षणभरही सहन करणार नाही, हे प्राणिशास्त्रज्ञांनी वारंवार सांगितले आहे. इटलीतही चार पट्ट्यांच्या एका बिनविषारी सापाला लोकभाषेत ‘गाई चारणारा’ अशा अर्थाचे नाव आहे. समजूत खोटी असली तरी नाव देण्याची रीत खरी आहे. प्राण्याचे नाव त्याच्या रूपावरून न पडता त्याच्या कृतीवरून पडते. आपल्याकडील ‘अजगर’ हे ह्याचे स्वच्छ उदाहरण होय : अज म्हणजे बोकड, आणि ‘गर’ हा अंश गिळणे ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला. एकाचे नाव बोकड गिळण्यावरून पडले, तर दुसऱ्याचे गाय पिण्यावरून पडले असे मानले गेले.

१७५८ साली लिनीयसने प्राण्यांचे वर्गीकरण करताना ‘बोआ’ हे नाव एका प्रजातीस दिले आणि अमेरिका खंडातील एका मोठ्या सापास ‘बोआ कन्स्ट्रिक्टर’ म्हटले. दुसऱ्या पदाचा अर्थ ‘आवळणारा’ असा होतो. येथे अर्थाचे पहिले स्थित्यंतर पुरे झाले. गाय मागे पडली आणि विळखा पुढे आला. इटलीतील साप सुटला व समुद्रापलीकडील साप आला. तरीही शब्दाला कोठे अडखळावे लागले नाही.

मराठीतील ‘बोआ म्हणजे अजगर’ हे समीकरणही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने सैल आहे. आपला अजगर ह्या कुलातला नव्हे. बोआच्या नात्यातला आपल्याकडील साप म्हणजे मांडूळ. परंतु ‘बोआ’ह्या शब्दासाठी ‘मांडूळ’ योजला तर मराठी वाचकापुढे विळखा उभा राहणार नाही, दुतोंड्या सापाविषयीच्या भोळ्या समजुती मात्र उभ्या राहतील. शास्त्रीय नाते आणि शब्दाचे अर्थक्षेत्र ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे ह्यावरून लक्षात घ्यावे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नाव वेशभूषेत आले. प्रथम फ्रेंचमध्ये आणि १८३० नंतरच्या दशकात इंग्रजीत, स्त्रियांनी गळ्यात घ्यावयाच्या एका लांब, गोल आणि फुगीर वस्तूला ‘बोआ’ म्हणू लागले. आरंभीचा हा बोआ बहुधा केसाळ कातड्याचा असे. ह्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. नाव दिले गेले तेव्हा पिसे ही त्या नावाची अट नव्हती. सापाला पिसे नसतात आणि केसही नसतात. सापापासून ह्या वस्तूकडे आले ते तीन गुण : लांबी, गोलाई आणि अंगावर लपेटून वा लोंबत राहण्याची रीत. द्रव्य आले नाही.

शब्दाच्या पुढील इतिहासातही द्रव्य बदलत राहिले आणि नाव टिकून राहिले. त्यातील एका टप्प्याचा हिंदुस्थानाशी प्रत्यक्ष संबंध आहे. बंगाल-आसामकडे ‘हरगिला’ नावाचा एक मोठा करकोचा आढळतो. ‘हाडे गिळणारा’ असा त्या नावाचा अर्थ असून ‘अजगर’प्रमाणेच हेही नाव गिळण्याच्या कृतीवरून पडले आहे. त्याच्या शेपटीखालील मऊ पिसे एकोणिसाव्या शतकात लंडनला जात. बंगालमधील कुमारखाली ह्या गावाच्या नावाचा इंग्रजी अपभ्रंश होऊन ही पिसे बाजारात ‘कमरकॉली’ म्हणून ओळखली जात. यूल व बर्नेल ह्यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या १८८६ च्या कोशात ह्या गावाची नोंद पिसांच्या व्यापाराच्या संदर्भातच आली आहे. १८५१ साली लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात ह्या पिसांचे बोआ मांडलेले होते. म्हणजे हरगिलेचे पीस आपल्या देशातून गेले, ‘बोआ’ हे नाव त्याला तिकडे मिळाले, आणि आपल्या भाषांत त्या वस्तूला नाव राहिले नाही.

शतकाच्या अखेरीस शहामृगाच्या पिसांचा बोआ लोकप्रिय झाला. दक्षिण आफ्रिकेतील औट्सहूर्न हे गाव त्या पिसांच्या व्यापारावर श्रीमंत झाले आणि १९१४ च्या सुमारास मागणी कोसळताच विपन्न झाले. दरम्यान पिसांसाठी होणाऱ्या पक्ष्यांच्या कत्तलीविरुद्ध लोकमत जागृत झाले होते. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली पक्ष्यांची कातडी व पिसे ह्यांच्या निर्यातीस बंदी केली. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा १९२१ साली झाला, आणि शहामृगाची पिसे त्यातून वगळली गेली. पुढे कोंबड्याची आणि टर्कीची रंगवलेली पिसे आली व कृत्रिम धागेही आले. केसाळ कातडे, हरगिला, शहामृग, कोंबडा आणि कृत्रिम धागा अशी द्रव्यांची ही परंपरा पाहिली म्हणजे ‘पिसांचा’ हे विशेषण व्याख्येच्या गाभ्यात घालणे कसे अनैतिहासिक आहे हे कळून येते.

ह्यास इंग्रजी प्रयोगाचाच एक भाषिक पुरावा देता येतो. इंग्रजीत ‘फेदर बोआ’ म्हणजे ‘पिसांचा बोआ’ असा जोडप्रयोग रूढ आहे. ‘बोआ’ह्या शब्दाच्या अर्थातच पिसे असती तर हे विशेषण द्विरुक्त झाले असते. आपण ‘सुती धोतर’ म्हणतो आणि ‘रेशमी धोतर’ही म्हणतो, कारण धोतराच्या अर्थात कापडाची जात नसते. ‘लोकरीची लोकर’ मात्र कोणी म्हणत नाही. विशेषणाची गरज भासते ती नामात जे नसते त्याच्यासाठीच.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आज इंग्रजीत नुसते ‘बोआ’ म्हटले तरी वेशभूषेच्या संदर्भात पिसांचाच बोआ मनात येतो. मग आजच्या कोशाने इतिहासाचा भार का वाहावा? केसाळ कातड्याचा बोआ वापरातून गेल्यामुळे अर्थसंकोच झाला आहे, हे मला मान्य आहे. परंतु अर्थसंकोचाने पिसे केवळ सहचारी लक्षण ठरतात, ती व्यवच्छेदक लक्षण ठरत नाहीत. ह्याची कसोटी सोपी आहे. पिसे शिवलेल्या सपाट शालीला इंग्रजीत कोणी ‘बोआ’ म्हणत नाही. उलट चमकत्या कागदी पट्ट्यांच्या लांब, गोल माळेला ‘बोआ’ म्हणतात. पिसे असून नाव मिळत नाही, आणि नसून मिळते.

३

आता व्याख्येतील दुसऱ्या पदाकडे, म्हणजे ‘स्कार्फ’कडे वळू. स्कार्फ हे वस्त्र आहे. वस्त्राला सुलट बाजू असते व उलट बाजू असते; काठ असतात; त्याची घडी घालता येते. बोआ तयार करताना एका दोऱ्याभोवती पिसे अशी गुंफतात की ती सर्व दिशांना उभी राहतात. त्याला सुलट-उलट नाही, काठ नाही, आणि घडी तर नाहीच. तो ऊब देण्यासाठी घेत नाहीत आणि झाकण्यासाठीही घेत नाहीत. आपल्या वर्गीकरणात तो उपरणे-शेल्याच्या ओळीत बसत नाही. हार, माळ, गोफ ह्यांच्या ओळीत बसतो. ‘स्कार्फ’ हे जातिवाचक पद स्वीकारताच वस्तू वस्त्रांच्या वर्गात गेली आणि तेथूनच भाषांतर बिघडण्यास सुरुवात झाली.

ह्या संदर्भात मराठी भाषेचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. इंग्रजीत अंगावर काहीही धारण करावयाचे असले तरी बहुधा एकच क्रियापद चालते. मराठीत तसे नाही. लुगडे, धोतर आणि सोवळे नेसतात. सदरा, चोळी आणि टोपी घालतात. शाल व घोंगडी पांघरतात. उपरणे, शेला, ओढणी आणि पदर घेतात. फेटा आणि मुंडावळ्या बांधतात. गजरा व वेणी माळतात. बांगड्या भरतात. मफलर गुंडाळतात. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘तिने शाल नेसली’ असे म्हटले की ऐकणारा हसतो, कारण ‘नेसणे’ह्या क्रियापदात कमरेभोवतीचे, न शिवलेले वस्त्र गृहीत आहे. ह्याचा अर्थ असा की, वस्तू देहाच्या कोणत्या भागावर आणि कोणत्या रीतीने असते, ही माहिती मराठीने नामाकडून काढून क्रियापदाकडे सोपविली आहे. इंग्रजीत जे ‘बोआ’ह्या नामात साठले आहे ते मराठीत क्रियापदातून सांगावे लागेल.

मग बोआचे क्रियापद कोणते? ‘गुंडाळणे’ नव्हे; त्यात आवळून बंद करण्याचा आणि संरक्षणाचा भाव आहे. ‘पांघरणे’ नव्हे, पांघरलेली वस्तू झाकते. ‘घालणे’ चालेल, कारण हार घालतात. पण हाराचे टोक टोकाला जोडलेले असते, तर बोआची दोन्ही टोके मोकळी लोंबतात आणि ती हाताने खेळवता येतात. रंगमंचावरील त्याचा सारा उपयोग ह्या मोकळ्या टोकांवर आहे : एक टोक मागे टाकणे, दुसरे ओढणे, खांद्यावरून घसरू देणे. एकोणीसशे साठ-सत्तरच्या दशकांतील हिंदी चित्रपटांतल्या हेलन ह्यांच्या कॅबरे-नृत्यांतील पिसांचा साज आठवून पाहावा, म्हणजे अशा वेषात ऊब किंवा आच्छादन ह्यांचा प्रश्नच नसतो हे पटेल. आज विवाहसमारंभांत छायाचित्रासाठी पाहुण्यांच्या गळ्यात रंगीत बोआ टाकतात, तेथेही हेतू तोच असतो.

ही रीत व्यक्त करणारी दोन क्रियापदे मराठीत तयार आहेत. परिधान करणाऱ्याच्या बाजूने ‘सोडणे’ : केस मोकळे सोडतात, तसा बोआ खांद्यांवरून सोडतात. आणि वस्तूच्या बाजूने ‘रुळणे’. केसांच्या बटा कपाळावर रुळतात, माळ छातीवर रुळते. ‘रुळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याचा कर्ता माणूस नसून ती वस्तू असते. ती सैल पडून राहते, हालचालीबरोबर हलते, आणि तिला जणू स्वतःची चाल असते. बोआला सापाचे नाव देणाऱ्याने जे पाहिले ते नेमके हेच असले पाहिजे. शिवाच्या गळ्यात रुळणारा नाग ज्या भाषेच्या भाविकांना नित्याचा आहे, त्या भाषेला हे रूपक समजावून सांगण्याची गरज नाही. ‘पिसांचा मफलर’ ह्या प्रतिशब्दाने मात्र ते रूपक समूळ नाहीसे केले आहे.

४

ह्यावरून प्रतिशब्दांच्या प्रश्नाकडे जाता येते. रूपावरून अलंकाराला नाव देण्याची रीत मराठीत चांगलीच रुजलेली आहे. पायाच्या बोटातील माशाच्या आकाराच्या दागिन्यास ‘मासोळी’ म्हणतात. बोरांसारख्या मण्यांची ती ‘बोरमाळ’. लांब वेणीला ‘शेपटा’ म्हणताना शेपटाची आठवणही राहत नाही. तेव्हा ‘पिसहार’ किंवा ‘पिसांचा गोफ’ अशी नवी नावे घडवता येतील. त्यांपैकी ‘पिसांचा गोफ’ मला अधिक जवळचा वाटतो, कारण गोफात लांबी, गोलाई आणि गुंफण ह्या तिन्ही गोष्टी आहेत. तथापि गोफ हा बारीक व घट्ट असतो, बोआ फुगीर व सैल. हा फरक वाचकाला संदर्भाने भरून काढावा लागेल.

मूळ शब्दच उसना घ्यावा, असाही पक्ष आहे. त्याला माझा तात्त्विक विरोध नाही. मात्र एक ध्वनिविषयक अडचण आहे. ‘ओ’ व ‘आ’ हे दोन स्वर लागोपाठ आले की मराठी उच्चारात मध्ये ‘व’कार येतो. इंग्रजांचे ‘गोआ’ ते आमचे ‘गोवा’. त्याच न्यायाने ‘बोआ’चा ‘बोवा’ होणार. आणि ‘बोवा’ हे तर ‘बुवा’चेच जुने लेखनरूप आहे. गेल्या शतकाच्या पूर्वीच्या छपाईत ‘तुकारामबोवा’ असे रूप आढळते. ‘गायिकेने खांद्यांवरून बोवा सोडले’ असे वाक्य छापून आले तर वाचक कोणत्या दिशेने जाईल हे सांगणे नलगे. शिवाय विभक्तिप्रत्यय लावतानाही शब्द अडतो. ‘सोफा’चे ‘सोफ्यावर’ सहज होते. ‘बोआ’चे असे सामान्यरूप होत नाही, ‘बोआवर’ असेच म्हणावे लागते. शब्द भाषेत पाहुणा म्हणून राहिला आहे, घरचा झालेला नाही, ह्याचे हे लक्षण होय.

म्हणून माझी सूचना अशी आहे. वेशभूषेच्या इतिहासावरील शास्त्रीय लेखनात ‘बोआ’ हा शब्द पुल्लिंगी मानून तसाच ठेवावा आणि प्रथम निर्देशाच्या वेळी द्रव्य स्पष्ट करावे : पिसांचा बोआ, केसाळ कातड्याचा बोआ. ललित भाषांतरात शब्दाचा आग्रह न धरता क्रियापद सांभाळावे. आरंभी दिलेले वाक्य ‘गायिका उभी होती, खांद्यांवरून सोडलेला पिसांचा गोफ गुडघ्यांपर्यंत रुळत होता’ असे केले, तर ‘बोआ’ हा शब्द न येताही त्याचा अर्थ येतो. कोशातील नोंद साधारणतः अशी असावी : ‘बोआ, पु. : गळ्यात घेण्याचा लांब, गोल, फुगीर साज, बहुधा पिसांचा, पूर्वी केसाळ कातड्याचाही, दोन्ही टोके मोकळी, सापाच्या रूपावरून नाव. क्रि. सोडणे, टाकणे, (स्वतः) रुळणे.’

ह्या नोंदीतील शेवटचा भाग नवा नाही. मोल्सवर्थने १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली सुधारून वाढविलेल्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशात, अनेक नामांच्या पुढे त्या नामाबरोबर मराठीत येणारी क्रियापदे संक्षिप्त चिन्हाने नोंदविली आहेत. परक्या भाषेतून आलेल्या त्या कोशकाराला हे उमगले होते की, मराठी नाम त्याच्या क्रियापदावाचून शिकता येत नाही. त्याचा कोश मराठीतून इंग्रजीत जाणारा होता. इंग्रजीतून मराठीत येणारे कोश वापरताना हीच माहिती अधिक लागते, कारण तेथे भाषांतरकाराला क्रियापद स्वतः निवडावयाचे असते; आणि नेमक्या त्याच जागी तो बहुधा एकटा पडतो. त्याच्या हाती एक नाम दिले जाते आणि ते नाम आपल्या सवयीचे क्रियापद घेऊन येते.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांपैकी जे पुढे परिभाषेच्या वा कोशांच्या कामात जातील, त्यांनी ह्या दृष्टीने आपले टाचण ठेवावे, अशी विनंती आहे. अंगावरील वस्तूंची नावे ही आरंभासाठी सोयीची आहेत, कारण तेथील क्रियापदांचे भेद सर्वांच्या जिभेवर आहेत. स्टोल, पोंचो आणि केप हे शब्द आज मराठी लेखनात दिसतात. त्यांपैकी प्रत्येकाला ‘घेणे’, ‘घालणे’ आणि ‘पांघरणे’ ह्यांपैकी कोणते क्रियापद लागते, हे वक्त्यांना विचारून नोंदविले तर प्रतिशब्द सुचविण्यापूर्वीच अर्थाचा निम्मा निर्णय झालेला असेल.

यंदा तोच उतारा मी पुन्हा वर्गास दिला आणि आधी एवढेच विचारले की, ह्या वस्तूचे क्रियापद कोणते असेल. ‘गुंडाळणे’ कोणीही सांगितले नाही.